चौथ्या पायाचं मागणं

पडद्यावर नाना बोलत होते आणि आवाज नव्हता.

फिल्मच्या त्या तुकड्याची दोन्ही टोकं एकमेकांना चिकटवलेली, त्यामुळं तुकडा संपला की तोच पुन्हा सुरू. नाना सिंहासनाखालून मान वर काढायचे, हुजुरांकडं बघायचे, ओठ हलायचे, मग डोळे खाली. दहा-बारा सेकंदांचा कारभार. परत मान वर, परत ओठ, परत डोळे खाली. कोल्हापूरच्या स्टुडिओतली डबिंगची खोली, दुपारचे अडीच वाजलेले, भिंतींना गोणपाट ठोकलेलं, आणि मी माइकसमोर कागद धरून उभा. कागदावर त्या जागेला काही लिहिलेलंच नव्हतं. नुसता एक कंस आणि कंसात एक शब्द : मागणं.

"कळलं का काय म्हणतायत?" काचेपलीकडून सबनीस साहेबांनी विचारलं. ते पिक्चरचे दिग्दर्शक.

"नाही अजून," मी म्हटलं.

खोटं बोललो. तिसऱ्या फेऱ्यालाच मला सगळं कळलं होतं, आणि हातातला कागद मी स्टँडवर ठेवून दिला होता.

आता हे नीट सांगायचं तर थोडं मागं जायला पाहिजे. गोष्ट चौऱ्याहत्तर सालची. 'तीन पायांचं सिंहासन' हे आमच्या मिरजेच्या कंपनीचं वगनाट्य. एका राजाच्या सिंहासनाचा एक पाय मोडतो. सुतार म्हणतो लाकूड नाही, प्रधान म्हणतो खजिना रिकामा आहे, आणि राजा म्हणतो काहीही करा, मी उठणार नाही. मग रस्त्यावरनं गोंदा नावाच्या गरिबाला धरून आणतात आणि मोडक्या पायाच्या जागी बसवतात. पुढचे दोन तास गोंदा सिंहासन डोक्यावर घेऊन बसतो. वर राजा गाणी म्हणतो, खालून गोंदा त्या गाण्यांची वाट लावतो. लोक हसून हसून लोळायचे. पुढच्या खुर्च्यांवर बसलेल्या पुढाऱ्यांनाही हसावं लागायचं, कारण न हसावं तर मागचे बघतायत.

गोंदा म्हणजे आमचे नाना. येसबा कवठेकर. अंगठेबहाद्दर माणूस, पण अख्खा वग तोंडपाठ. आणि त्या वगात एकच जागा अशी होती की जी कुणालाच पाठ नव्हती. शेवटाला राजा खूश होतो आणि म्हणतो, चौथ्या पाया, माग, काय मागायचं ते माग. इथं गोंदा काय मागतो ते कधीच कुणी लिहून ठेवलं नाही. कंपनीत त्या जागेला मागणंच म्हणायचे.

नाना खेळाच्या दिवशी सकाळीच गावात फिरायला निघायचे. न्हाव्याच्या दुकानात बसायचे, चहाच्या टपरीवर बसायचे, पाणी भरणाऱ्या बायकांशी बोलायचे. गावात कुणाला काय नाही ते गोळा करायचे आणि खेळात हुजुरांपुढं नेमकं तेच मागायचे. कुठं शाळेला मास्तर मागितला, कुठं ओढ्यावर पूल. एका गावात एका म्हातारीला तलाठ्यानं कागदावर मारून टाकलं होतं, तर नाना म्हणाले, हुजूर, आमच्या गंगूबाईला तेवढं जिवंत करा. आठ दिवसांत गंगूबाई कागदावर जिवंत झाली. एकदा मागितलेलं नाना पुन्हा मागायचे नाहीत. आणि त्या जागी हशासाठी तर कधीच मागायचे नाहीत. दोन तास थट्टा केली ती केली, इथं थट्टा नाही. मी नवा असताना एकदा विचारलं होतं, तर म्हणाले होते की तेवढ्या एका जागी गोंदा नसतो, येसबा असतो.

मी निवृत्ती. कंपनीतला झीलकरी. झीलकऱ्यानं म्हणजे मुख्य गाणाऱ्याच्या मागं उभं राहायचं आणि त्याची ओळ संपता संपता तिचं शेपूट उचलून वर न्यायचं. लोकांचं लक्ष पुढच्याकडं. आम्ही म्हणजे फेट्यातली माणसं, तोंडं कुणाला आठवत नाहीत. ढोलकी कानाला लागून कडकडत असते, पुढच्याचा शब्द ऐकू येत नाही, म्हणून झीलकरी जरा तिरका उभा राहतो आणि त्याच्या ओठांवर नजर ठेवतो. सोळा वर्षं मी नानांचे ओठ बघत होतो. बायकोच्या तोंडाकडं इतकं बघितलं असतं तर संसार आणखी बरा झाला असता. त्यात मला नानांचा आवाज हुबेहूब काढता यायचा. कनातीमागून मी त्यांच्या आवाजात शिवी हासडली की आमचा मॅनेजर दचकून उभा राहायचा.

नानांना एकच लेक. भामा. आई लहानपणीच गेली, म्हणून कंपनीच्या ट्रकमध्येच वाढलेली. अठरा वर्षांची झाली आणि एक दिवस ट्रकच्या ड्रायव्हरबरोबर निघून गेली. हणमंता त्याचं नाव. माणूस निर्व्यसनी होता, शब्दाला पक्का होता, पण जात दुसरी. नानांनी दुपारी सगळ्यांना गोळा केलं आणि सांगितलं की भामा मेली, तिचं नाव जो काढील त्यानं आपली ट्रंक उचलून वाटेला लागावं. त्या दिवशीच्या खेळात मागणं होतं ते त्या गावच्या विहिरीचं. मी ओठ बघत होतो, एक अक्षर हललं नाही.

नऊ वर्षं कुणी नाव काढलं नाही. पण नव्या गावाला निघालो की रस्त्यात समोरनं येणाऱ्या प्रत्येक ट्रकच्या ड्रायव्हरकडं नाना बघायचे. मी शेजारी बसायचो, मला दिसायचं. बोलायची छाती झाली नाही.

मग पिक्चर आलं. सबनीस साहेबांनी खेळ पाहिला आणि म्हणाले, नाना, गोंदा तुम्हीच. आमच्या आनंदाला पारावार नव्हता. आणि नेमका त्याच महिन्यात नानांचा घसा बसला तो उठेना. मिरजेच्या डॉक्टरांनी गाठ सांगितली आणि लगेच कापायला पाहिजे म्हणाले. नानांनी ऐकलं नाही. पिक्चर हातचं गेलं असतं, कुणीतरी नट येऊन गोंदा झाला असता. मला बाजूला घेऊन नुसत्या श्वासावर म्हणाले, "निवा, तोंड माझं, आवाज तुझा. कुणाला बोलायचं न्हाई."

साहेबांना सांगावं लागलं, पण ते हुशार माणूस. शूटिंगला तसाही कॅमेरा घरघरत असतो, आवाज मागाहून भरायचा असतो. नाना ओठ हलवायचे, बाकीच्यांना वाटायचं म्हातारा घसा जपतोय. माझ्या नावाची पाटी लागणार नव्हती, ते मी कबूल केलं होतं. मनातून वाईट वाटलं नाही असं नाही. सोळा वर्षं मागं उभा होतो, आता तर दिसणारही नव्हतो.

मागण्याचा प्रश्न आलाच. साहेब म्हणाले, नाना, खेळ एका गावात होतो, पिक्चर सगळ्या गावांत लागणार, एका गावची विहीर मागून कसं चालेल, काय ते आधी ठरवून लिहून घेऊ. नाना लिहून द्यायला तयार होईनात. त्या दिवशी येईल म्हणाले. मग थोड्या वेळानं परत साहेबांजवळ गेले आणि विचारलं, "सगळ्या गावांत जातंय, व्हय?" साहेब म्हणाले, पार सीमेपर्यंत, जत्रेतल्या तंबूच्या सिनेमातसुद्धा. नानांनी मान डोलावली.

तो शॉट झाला त्या दिवशी मी मिरजेला घरी गेलो होतो, सासूबाई आजारी होत्या. दुसऱ्या दिवशी आलो तर साहेब म्हणाले की नानांनी डोळे असे काही केले की मी कट म्हणायचं विसरलो. काय बोलले ते कुणालाच ऐकू आलेलं नव्हतं. कॅमेऱ्याच्या घरघरीत तो श्वास कुठला ऐकू येतोय. साहेब निर्धास्त होते, म्हणाले नानांचं टायमिंग आहे, काहीतरी कडकच असणार, डबिंगला त्यांनाच विचारून घेऊ.

विचारायचं कुणाला? शॉटनंतर पाचव्या दिवशी ऑपरेशन झालं आणि नानांचा आवाजच काढून टाकला. गळ्याला भोक, त्यावर पांढरी पट्टी. लिहिता येत नाही, बोलता येत नाही. आमच्या घरी पुढच्या खोलीत त्यांची खाट टाकली, माझी बायको यमू त्यांचं सगळं करायची. मी डबिंगला निघालो तेव्हा त्यांनी मला खाटेजवळ थांबवलं. स्वतःच्या ओठांवर बोट ठेवलं, मग तेच बोट माझ्या ओठांवर ठेवलं. परत एकदा तसंच केलं. मला वाटलं, आवाज चांगला दे म्हणतायत. मी पाया पडलो आणि गाडी गाठायला पळालो. कपाळ माझं.

आणि आता पडद्यावर तेच ओठ होते. भ, म, ब, प या अक्षरांना माणसाचे ओठ मिटतात, ती लपत नाहीत. पहिल्या फेऱ्यात मला 'हुजूर' दिसलं. दुसऱ्या फेऱ्यात ओठ लागोपाठ दोनदा मिटले आणि मी ओळखलं, कारण नानांच्या तोंडून ते नाव मी नऊ वर्षांपूर्वी रोज बघितलेलं होतं. तिसऱ्या फेऱ्याला सगळं वाक्य उभं राहिलं.

हुजूर, माझी भामा असंल तिथं निरोप धाडा. बाप चुकला म्हणावं. घरी ये.

दुसऱ्या कुणाजवळ त्यांना हे बोलता येत नव्हतं. माझ्याजवळसुद्धा नाही. ट्रंक उचलायला लावीन म्हणून चारचौघांत सांगून बसलेले होते ना. त्या एका जागेवरच त्यांना खरं बोलायची सवय होती, आणि हे पिक्चर सगळ्या गावांत जाणार होतं. कुठल्या ना कुठल्या गावात ती बसलेली असणार.

"निवृत्ती, शिफ्ट चारला संपते," साहेब म्हणाले. "तू सोळा वर्षं त्यांच्या मागं होतास. अंदाज तरी सांग. इथं हशा आला नाही तर पुढचं गाणं पडलं, आणि गाणं पडलं की पिक्चर पडलं."

मी सांगणार होतो. देवाशपथ, तोंड उघडलं ते सांगायलाच. साहेब, हे हसायचं नाही, एवढं वाक्य ओठांवर तयार होतं. पण साहेबांनी स्वतः लिहिलेलं एक मागणं मला आधी म्हणायला लावलं. साखरेच्या भावाबद्दल काहीतरी होतं. ते इतकं फुसकं होतं की रेकॉर्डिस्ट जांभई देत होता. साहेब वैतागले आणि म्हणाले की तुझं काही असेल तर बोल बाबा. आणि कसं कोण जाणे, पडद्यावर मान वर आली, ओठ हलायला लागले आणि मी नानांच्या आवाजात बोलून गेलो, "हुजूर, मला दुसरं काय बी नको. बसायच्या आधी तेवढा आवाज देत चला."

ओठांवर ते अगदी चपखल बसलं होतं. 'बाप'च्या जागी 'बसायच्या'. काचेपलीकडं रेकॉर्डिस्टनं कानावरची यंत्रं काढून टेबलावर डोकं टेकलं आणि हसायला लागला. साहेब उठून उभे राहून हसत होते. चहा घेऊन आलेला माणूस दारात हसत होता. माझ्या स्वतःच्या वाक्याला आयुष्यात पडलेला तो पहिला हशा. मी कुणाचं शेपूट उचललेलं नव्हतं.

"निवृत्तीराव," साहेब म्हणाले, "हेच म्हणालेत नाना. दुसरं काही असूच शकत नाही. बरोबर ना?"

सकाळपासून मी निवृत्ती होतो, एका वाक्यात राव झालो होतो. मी मान हलवली. दोन टेक झाले, दुसरा ठेवला.

परत येताना एसटीत मी मनाशी ठरवलं की भामाला मी स्वतः शोधून काढीन. पिक्चरला तीन महिने अवकाश होता. सांगलीच्या ट्रक अड्ड्यावर हणमंताची चौकशी केली. एक जण म्हणाला विजापूरकडं असतो, एक जण म्हणाला जतला. जत काही चंद्रावर नाही. पण मग खेळांचं बुकिंग आलं, नानांच्या जागी गोंदा आता मी होतो, आणि आज जाऊ उद्या जाऊ करता करता राहिलं ते राहिलं. खरं सांगायचं तर तिला भेटून काय सांगायचं हेच मला कळत नव्हतं.

पिक्चर आलं आणि धो धो चाललं. माझं वाक्य पेपरात छापून आलं. मंत्र्याच्या सभेत कुणीतरी मागून ओरडलं, बसायच्या आधी आवाज द्या. न्हाव्याच्या दुकानात गिऱ्हाईक खुर्चीत बसताना तेच म्हणायला लागलं. सगळे म्हणायचे, येसबानं काय मागणं मागितलंय. आणि घरी पुढच्या खोलीत नाना दाराकडं तोंड करून बसायचे. पिक्चर लागल्याच्या दिवसापासून त्यांनी खाट फिरवून घेतली होती. कडी वाजली की मान वर. दूधवाला आला तरी, पोस्टमन आला तरी. यमू मला विचारायची, "अहो, हे कुणाची वाट बघतात?" मी म्हणायचो, मला काय माहीत.

जेवण जायचं नाही. ताट पुढं आलं की सरकवायचे. पण रोज सकाळी यमूकडून दाढीचं सामान मागून घ्यायचे, धुतलेला सदरा घालायचे, गळ्याच्या पट्टीवर मफलर गुंडाळायचे आणि बसायचे. ते बघून मला घरात जायला नको व्हायचं. मी बाहेरच्या बाहेर वेळ काढायला लागलो.

तिसऱ्या आठवड्यात साहेबांनी निरोप धाडला की नानांना थिएटरात आणा, लोकांना त्यांचा सत्कार करायचाय. डॉक्टर नको म्हणत होते. नाना मात्र सदरा घालून आधीच तयार. सांगलीला बाराचा खेळ होता. मी त्यांच्या शेजारी बसलो. दोन तास लोक हसत होते आणि नाना स्वतःकडं बघून, स्वतःच्या तोंडातून येणारा माझा आवाज ऐकून मान डोलवत होते. लघवीला जातो म्हणून उठावं असं दहादा मनात आलं. मागण्याची जागा जवळ आली तसे ते खुर्चीच्या कडेला सरकले आणि पुढच्या खुर्चीची पाठ त्यांनी दोन्ही हातांनी धरली.

"माग, काय मागायचं ते माग," पडद्यावरचा राजा म्हणाला.

आणि नानांनी वर मान काढून, माझ्या तोंडानं, आवाज मागितला. थिएटर कोसळलं. लोकांना वाक्य आधीच माहीत होतं, तरी कोसळलं. शिट्ट्या, आरोळ्या, कुणी पैसे फेकले. पडद्यावर नाना डोळे खाली घालत होते. मी शेजारी बघितलं तर नानांचे ओठ पडद्याबरोबर हलत होते. ते स्वतःचं वाक्य म्हणत होते. भामा. बाप चुकला. घरी ये. त्या हशात बसून मी ते दुसऱ्यांदा वाचलं.

मग ते माझ्याकडं वळले. वाटलं, आता थोबाडीत बसणार. बसावी असंच वाटत होतं. त्यांनी खूप वेळ माझ्याकडं बघितलं. लोक अजून हसत होते, ते त्यांनी मान वळवून जरा ऐकलं, हशा कुठनं सुरू होतो आणि किती लांबतो ते जसं ते नेहमी ऐकायचे तसं. आणि माझ्या पाठीवर हात ठेवून त्यांनी दोनदा थोपटलं. कंपनीत एखाद्यानं स्वतःच्या जोरावर हशा घेतला की नाना त्याला असं थोपटायचे. सोळा वर्षांत मला ते कधी मिळालं नव्हतं.

घरी आल्यावर त्यांनी यमूला खूण करून खाट परत भिंतीकडं फिरवून घेतली. दुसऱ्या दिवशी दाढीचं सामान मागितलं नाही. अकराव्या दिवशी गेले.

तेराव्याला दुपारी जेवणं उरकत आली होती तेव्हा दारात एक बाई उभी राहिली. हातात पिशवी, डोईवरनं पदर. यमूनं ओळखलं नाही, मी ओळखलं. जबड्याची ठेवण नानांचीच. पेपरात वाचून आली होती, बातमी तिच्या गावी आठ दिवसांनी पोचली होती. फोटोला हात जोडले, रडली नाही. यमूनं पानावर बसवलं, दोन घास खाल्ले. बाकीची माणसं पांगली तेव्हा ती माझ्याजवळ येऊन बसली.

जतजवळच राहत होती. हणमंताचं बरं चाललं होतं, दोन मुली होत्या. नानांनी तिचं नाव घ्यायला बंदी केली हे तिला माहीत होतं. मनात राग नव्हता म्हणाली, आणि होता असंही म्हणाली.

"पिक्चर बघितलंस?" मी विचारलं. का विचारलं ते मला आजही सांगता येणार नाही.

"पहिल्या दिवशी. दुपारच्या खेळाला एकटीच गेले," ती म्हणाली. "खरं सांगू का दादा, मी मागण्याच्या जागेसाठी गेले. नाना तिथं खोटं बोलत नव्हते, तुम्हाला ठाऊकच आहे. मनात म्हटलं, माझं नाव नको, नुसतं लेक एवढं जरी म्हणाले तरी चारच्या गाडीनं मिरजेला जायचं. पिशवी भरून बरोबरच नेली होती. मालकांना सांगून ठेवलं होतं."

मी तिच्या हातातल्या पिशवीकडं बघितलं.

"मग ते तसं म्हणाले, आवाज द्या म्हणून. सगळी माणसं हसली. मी पण हसले. आणि पिशवी घेऊन घरी आले." तिनं पदरानं तोंड पुसलं. "पण दादा, एक विचारू? त्या जागेला त्यांचे डोळे बोलण्याशी जुळत नव्हते. चार वेळा जाऊन बघितलं मी. ते वाक्य त्यांचंच होतं का?"

यमू आत भांडी घासत होती. कुठंच दुसरं माणूस नव्हतं. मनात आलं, सांगून टाकावं. आणि मनात आलं की सांगितलं तर ही उरलेलं सगळं आयुष्य त्या दुपारच्या खेळात बसून राहील. मी तिच्यासाठीच गप्प राहतोय असं स्वतःला पटवायला मला अर्धा क्षण पुरला. ते खोटं आहे हे तेव्हाही मला कळत होतं. ती माझ्याकडं नानांच्याच डोळ्यांनी बघत होती आणि मला तिची भीती वाटत होती.

"त्यांचंच," मी म्हटलं.

"मग ठीक आहे," भामा म्हणाली. "मी आपली उगाच."

तिनं यमूला हाक मारून येते म्हणून सांगितलं, पिशवी उचलली आणि मी सोडायला निघालो तर नको म्हणाली, रस्ता माहीत आहे. चारच्या गाडीला अजून वेळ होता. स्टँड आमच्या घरापासून दहा मिनिटांवर. मी ओट्यावर उभा राहिलो. चार वाजेपर्यंत उभा होतो आणि त्यानंतरही बराच वेळ.